ईश्वरीबाईंच्या दाराचे तीन फोटो

फोटोग्राफी हा छंद नसून रोग आहे, यावर आमच्या घरात एकमत आहे. रोगी मीच असल्यामुळे माझं मत कुणी विचारलं नाही. त्यामुळे गेल्या आश्विनात घडीचा कॅमेरा, लाकडी तिपाई आणि एकुलता एक रोल घेऊन मी पुण्याहून अंबरनाथला निघालो, तेव्हा सौभाग्यवतींनी एवढंच विचारलं, "लोक फोटो काढायला काश्मीरला जातात. तुम्ही कुणाचे पापड काढायला चाललात?"

प्रश्न खोचक होता, पण खरा होता. मी पापडांचाच फोटो काढायला चाललो होतो.

याचं मूळ वसंताच्या पत्रात. वसंता माझा मावसभाऊ. अंबरनाथच्या एका कारखान्यात केमिस्ट आहे. माझ्याहून चार महिन्यांनी मोठा आहे आणि ते चार महिने त्याने मला जन्मात कधी विसरू दिलेले नाहीत. त्याने लिहिलं होतं: "तुझ्या वहिनी ज्यांच्याकडून पापड घेतात त्या ईश्वरीबाई उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये राहतात. फाळणीत सिंधमधून आल्या. विधवा, मूलबाळ नाही. बराकीतल्या एका खोलीत चार बायका हाताशी घेऊन पापडांचं काम चालवतात. अजमेरचा थोरला भाऊ दिवाळीनंतर त्यांना कायमचं न्यायला येतोय. एकटी बाई छावणीत कसेबसे दिवस काढतेय, अशी त्याची समजूत. बाईंना जायचं नाही. इथे मी मालकीण आहे, तिथे भावजयीच्या हाताखाली राहीन, म्हणतात. पत्रांवर त्याचा विश्वास बसत नाही, फोटोवर बसेल. पण कॅम्पातल्या दोन फोटोवाल्यांनी हात टेकले. बाहेर वाळत घातलेले पापड नीट आले की आतल्या बायका काळ्याठिक्कर. आतल्या बायका दिसल्या की बाहेर नुसता पांढरा भगभगाट. तू स्वतःला फार मोठा फोटोग्राफर समजतोस. तर ये."

बाईंची अडचण वाचून मला वाईट वाटलं हे खरं, पण गाडीत बसवलं ते शेवटच्या ओळीने. खोटं कशाला बोलू?

आता ज्यांना कॅमेऱ्याशी देणंघेणं नाही त्यांना दोन शब्दांत सांगतो, म्हणजे पुढची फजिती कळेल. माणसाचा डोळा शहाणा. ऊन आणि सावली दोन्ही एका वेळी सांभाळून घेतो. फिल्म हट्टी. ती उन्हाशी तरी जमवून घेईल नाहीतर सावलीशी तरी. यावर उपाय असा, की कॅमेरा केसभरही न हलवता एकाच देखाव्याचे तीन फोटो काढायचे. एक उन्हाच्या मापाचा, एक सावलीच्या मापाचा आणि एक अधलामधला. मग अंधारखोलीत छापताना या निगेटिव्हचं आत आणि त्या निगेटिव्हचं बाहेर असं एकाच कागदावर जुळवायचं. खरी मेख असते ती मापं निवडण्यात. फार जवळजवळची घेतली तर तिन्ही फोटो सारखेच येतात. फार लांबची घेतली तर मधलं काहीतरी निसटतं. मी गाडीत कर्जतपर्यंत कागदावर आकडे मांडत होतो. भिंगाचं छिद्र अकरावरच ठेवायचं, कारण ते बदललं की काय रेखीव येईल आणि काय धूसर, तेही बदलतं. बदलायची फक्त वेळ. उन्हाला सेकंदाचा शंभरावा भाग, मधल्याला दहावा आणि आतल्या अंधाराला पुरता एक सेकंद. समोर बसलेल्या गृहस्थांनी बराच वेळ माझा कागद पाहून शेवटी विचारलं, "पत्रिका जुळवताय?"

अंबरनाथ

रोल आठ फोटोंचा. तीन ईश्वरीबाईंचे, म्हणजे पाच माझे. अंबरनाथचं शिवमंदिर सोडून पुढे जाणं मला शक्य नव्हतं. सराव म्हणून काढतो, असं मी वसंताला सांगितलं. खरं म्हणजे हौस.

वालधुनीच्या काठी ते काळ्या दगडाचं देऊळ उभं आहे. बाहेरून प्रत्येक बोटभर जागेवर कोरीव काम आणि आत शिरलं की गाभाऱ्यात खाली उतरायच्या पायऱ्या. इतका थंड अंधार, की पाय आपोआप सावकाश पडतात. मंडपात तिपाई लावून मी दाराकडे तोंड केलं. आतले खांब काळोखात, बाहेर सकाळचं लख्ख ऊन. पापडांची अगदी रंगीत तालीम. पहिला फोटो काढला. दुसरा काढताना गुरव बेलपत्र घेऊन बरोबर मधून गेला आणि परत फिरून म्हणाला, "माझा आला असंल तर धाडून द्या." तिसरा झाला आणि मी कॅमेरा मिटायला घेतला, तर कुसुमवहिनी, म्हणजे वसंताची बायको, म्हणाल्या, "भाऊजी, तीनवर थांबू नका हो."

"का?"

"तीन तिगाडा, काम बिगाडा. ताटात तीन पोळ्या तरी वाढतो का आपण?"

"वहिनी, ही पोळी नाही. शास्त्राप्रमाणे तीनच लागतात."

"शास्त्र तुमचं पुण्यात. इथे देवाच्या दारात तीन नको. चांगल्या कामाला निघालोय आपण. त्या बाईचं काही वाकडं झालं तर मला झोप लागायची नाही."

मी वसंताकडे पाहिलं. तो खांबावरच्या एका यक्षाकडे इतक्या आदराने पाहत होता, की हा माणूस या वादात पडणार नाही हे मला कळलं. लग्नाला बारा वर्षं झालेला माणूस. मी मुकाट्याने चौथा फोटो काढला. कुठल्या मापाने काढला ते आठवत नाही, रागाने काढला एवढं आठवतं.

राहिले चार.

दुपारी जेवताना वहिनींनी मला दोन पोळ्या वाढल्या आणि मी आणखी एक मागितली, तर दोन आणून टाकल्या. 

बदलापूर

ईश्वरीबाईंचा निरोप आला, की उद्या पीठ मळायचं, परवा लाटायचं. सगळ्या खाटा भरलेल्या हव्या असतील तर परवा या. म्हणजे एक दिवस हाती होता. वसंता वर्षाचे तांदूळ बदलापूरच्या पुढच्या एका पाड्यावरच्या धोंडूकडून घेतो. तिकडे चक्कर मारायचं ठरलं.

बदलापूर सोडून बारवीच्या अंगाला लागलं की डोळे निवतात. भात पिवळं पडायला लागलं होतं. वाटेच्या दोन्ही बाजूंना लोंब्या ओणवून उभ्या होत्या आणि पलीकडे चंदेरीचा सुळका. आमच्या देशावर डोंगर असा एकदम अंगावर येत नाही, आधी जरा ओळखपाळख करून मग येतो. इथला थेट परसात उभा. धोंडूच्या घरी तांदळाची भाकरी, वालाचं कालवण आणि हिरव्या मिरचीचा ठेचा मिळाला. भाकरी पापुद्र्यासारखी पातळ. मी चौथी घेतली तेव्हा धोंडूची आई म्हातारी समाधानाने म्हणाली, "खा रं बाबा. पुन्याला तांदूल नाय का गावत?"

जेवण झाल्यावर म्हातारीने तिपाईकडे बोट दाखवलं. "मंग आमचा फोटू काडा की."

मी तिला समजावून सांगितलं, की चारच फोटो उरलेत, त्यातले तीन एका बाईसाठी राखून ठेवलेत आणि तिचं फार मोठं काम अडलंय.

म्हातारीने बोटं मोजली. "चारातनं तीन ग्येलं, म्हंजी एक हाय नव्हं?"

मी शाळेत भूगोलाचा मास्तर, पण गणितात मला असं कुणी पकडलं नव्हतं. "काढतो, आजी," म्हणालो. ती आत गेली. बराच वेळ गेला. बाहेर आली ती ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आणि कासरा धरून बैल घेऊन. हा एकटा कसा ऱ्हाईल, असं तिचं म्हणणं. वसंता मागून सूचना करत होता, "आजी, जरा डावीकडे. बैल, जरा उजवीकडे." बैलाने मात्र कॅमेऱ्याची जवळून चौकशी करायचं ठरवलं. मी ओरडलो, वसंता ओरडला आणि त्या गडबडीत माझाच अंगठा कळीवर पडला. खट् असा आवाज झाला.

"निंगला का?" म्हातारीने विचारलं.

"निघाला," मी म्हणालो.

पुढे रोल धुतला तेव्हा त्या फोटोत एक भली मोठी नाकपुडी आणि वर थोडंसं आभाळ निघालं. म्हातारीला काय पाठवायचं, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

राहिले तीन.

उल्हासनगर

कॅम्प तीनमध्ये आमचा टांगा शिरला आणि मी सावरून बसलो. ही लष्कराची जुनी छावणी. सरळ रेषेत लांबच लांब बराकी, पण आता प्रत्येक बराकीला दुकान फुटलेलं. फाळणीला आठ वर्षंही धड झाली नव्हती आणि इथे कुलपं, कंगवे, रेशमी नाड्या, हलवा, सगळं मिळत होतं. फक्त माझ्या मापाचा रोल सोडून. मी तीन दुकानांत विचारलं. तिसरा दुकानदार म्हणाला, "साईं, परसों ले जाना." साईं म्हणजे सिंधीत साहेब. नाही हा शब्द त्या बाजारात मी ऐकलाच नाही. आमच्याकडे दुकानदार फळीवर असलेली वस्तूही नाही म्हणून सांगतो, कारण उठावं लागतं.

ईश्वरीबाई दारातच उभ्या होत्या. पन्नाशीच्या, उंच, पांढरी ओढणी, कोपरापर्यंत हात पिठाचे. मी नमस्कार करून तिपाई सोडायला घेतली, तर म्हणाल्या, "पहले पापड खाओ, पानी पियो. फोटू कहीं भागता नहीं."

त्यांच्याकडे ही रीत आहे. घरी आलेल्याच्या हातात आधी भाजलेला पापड आणि पाणी. आमच्याकडे "चहा घेणार का?" असं विचारतात, तेही अशा सुरात की भला माणूस नको म्हणतो. मी पापड खाल्ला. मिरीने नाकातून पाणी आलं. बाईंना ते फार आवडलं. दुसरा दिला.

मग त्यांनी खोली दाखवली. आत गोणपाटाच्या पडद्यापाशी चार बायका पोळपाट घेऊन बसल्या होत्या. खिडकी एकच, तीही हातभर. बाहेर दारासमोर सहा खाटा, त्यांवर धुतलेल्या चादरी आणि चादरींवर शेकडो पापड. दुपारच्या उन्हात त्यांच्याकडे बघवत नव्हतं. त्या दोन फोटोवाल्यांचा राग करण्यात अर्थ नव्हता. अशा ठिकाणी कॅमेरा बिचारा काय करणार?

"साईं," बाई माझ्याजवळ येऊन हळू म्हणाल्या, "दादा अच्छा आदमी है. बाप जैसा है. पर उसको लगता है मैं यहाँ रोती बैठी हूँ. वो ले जाएगा तो मैं ना नहीं बोल सकूँगी. बड़ा भाई है. उसके आने से पहले उसको दिखना चाहिए. पापड़ भी दिखे, अंदर का काम भी दिखे. सब दिखे."

त्या हसत होत्या, पण ओढणीचं टोक त्यांनी बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं, की बोट पांढरं पडलं होतं. मला एकदम भीती वाटली. तोवर मी वसंताला खाली पाहायला लावायला आलो होतो. आता कळलं की तीनच फोटो आहेत आणि त्यांवर या बाईचं पुढचं सगळं आयुष्य टांगलंय. देवळात हौस केली, बैलाची नाकपुडी काढली, आणि आता चुकायला जागा नाही.

मी खाटांच्या पलीकडे तिपाई रोवली आणि तिचे तीनही पाय विटांनी जखडले. सगळ्यांना बजावलं, "तिपाईला कुणी हात लावायचा नाही. आधी आतला फोटो, मग मधला, मग बाहेरचा." वसंताने ते हिंदीत करून सांगितलं. त्याचं हिंदी ऐकून बायका हसल्या.

आतल्या फोटोला एक सेकंद लागणार, तेवढा वेळ हलायचं नाही, हे सांगितल्यावर पाचही जणी आत पोळपाटांपाशी अशा ताठ बसल्या, जणू कुणी दटावलंय. ईश्वरीबाई मधोमध, लाटणं हातात धरून. मी एक म्हटलं, कळ दाबली, सोडली. झकास. मी खाली वाकून वेळेची कडी फिरवली, दहाव्या भागावर आणली, मधला काढला. तोही झकास. पुन्हा वाकलो. आता शंभरावा भाग. चष्मा घामाने भरलेला, कडीवरचे आकडे मुंगीएवढे, त्यात वर एक ढग सूर्याकडे निघालेला. मला एकाच वेळी ढग, कडी आणि तिपाईचे पाय सांभाळायचे होते.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. पापडांच्या कडा वळायला लागल्या होत्या. आश्विनाच्या उन्हात पापड वेळेवर उलटला नाही तर द्रोण होतो आणि द्रोण झालेला पापड कुणी घेत नाही. ईश्वरीबाईंनी हाक दिली आणि पाचही जणी बाहेर येऊन भराभरा पापड उलटायला लागल्या. मी वर पाहिलं. पाच बायका खाटांवर वाकलेल्या, ऊन, पांढरे पापड. मला वाटलं, वा, बाहेरच्या फोटोत माणसंही आली, जिवंतपणा आला! "हलू नका!" म्हणून ओरडलो. त्या होत्या तशाच हातात पापड धरून थांबल्या. ढग पोचायच्या आत मी कळ दाबली.

माझी छाती अभिमानाने फुगली होती. वसंताने पाठीवर थाप मारून म्हटलं, "मानलं बुवा." चार महिन्यांनी मोठ्या माणसाकडून हे ऐकायला मी चाळीस वर्षं थांबलो होतो. बाईंनी कढी-भात केला होता, कढीत भेंडी आणि गवार. आमच्या कढीत भाजी टाकली तर घरात वाद होईल, पण मी दोनदा भात घेतला. निघताना त्यांनी दोन शेर पापड बांधून दिले आणि म्हणाल्या, "अब आपके हाथ में है, साईं."

पुणे

आमची अंधारखोली म्हणजे न्हाणीघर. घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी उरकल्यावर ते मला मिळतं. निगेटिव्ह उत्तम उतरली होती. मापं अचूक निघाली, मधल्याची गरजच पडली नाही. दाराच्या चौकटीच्या रेषेत पुठ्ठा कापला, एका निगेटिव्हचं आत छापलं, पुठ्ठा उलटा धरून दुसऱ्याचं बाहेर छापलं आणि कागद रसायनात सोडला. चित्र हळूहळू वर यायला लागलं. आतली भिंत आली, गोणपाटाचा पडदा आला, पोळपाट आले, बायकांचे चेहरे अगदी टवटवीत आले. बाहेरचा एकेक पापड मोजून घ्यावा असा. मी खूश होऊन शीळ घालणार, इतक्यात बाहेर खाटेवर वाकलेली उंच बाई माझ्याकडे बघून हसली.

ती ईश्वरीबाई होती. आत लाटणं धरून बसलेलीही ईश्वरीबाईच होती.

मी मोजलं. आत पाच, बाहेर पाच. त्याच. पाच बायकांच्या मी दहा केल्या होत्या.

दार उघडून मी सौभाग्यवतींना हाक मारली. त्यांनी कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून ओट्याला टेकून हसत राहिल्या. मला हसू येईना. दिवाळी आठ दिवसांवर आली होती. पुन्हा जायला रजा नव्हती, रोल नव्हता. ज्या बाईची खरी गोष्ट भावाला पटत नव्हती तिच्या हातात मी धडधडीत खोटा फोटो देणार होतो. भावाने ओळखलं की ती कायमची खोटी ठरणार. त्या रात्री माझं जेवणात लक्ष नव्हतं. शेवटी तीन छाप पाठवले: बाहेर पांढरा असलेला, आत काळा असलेला आणि हा दहा बायकांचा. बरोबर वसंताला पत्र लिहून सगळी चूक कबूल केली आणि माझ्या वतीने बाईंची माफी मागायला सांगितलं. वसंताला अशी कबुली लिहिताना माझा हात किती जड झाला, ते मलाच ठाऊक.

दिवाळी होऊन गेली. मग वहिनींचं लांबलचक पत्र आलं. त्यांनी स्वतः फोटो नेऊन दिले होते आणि माझी चूक समजावून सांगितली होती. ईश्वरीबाई दहा बायकांच्या फोटोकडे कितीतरी वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "आज पहली बार देखा, मैं कितना भागती हूँ." तोच त्यांनी अजमेरला धाडला.

आणि भाऊ आला. वहिनी तेव्हा पापड आणायला तिथेच गेल्या होत्या. म्हातारा माणूस, हातात फोटो. खोलीत येऊन त्याने आधी पापड-पाणीही घेतलं नाही. बायका मोजल्या. पाच. मग बाहेर जाऊन खाटांपाशी पाहिलं. कुणी नव्हतं. परत आत येऊन त्याने विचारलं, "बाकी पाँच कहाँ हैं?"

वहिनी लिहितात, आता सगळं फिसकटणार असं त्यांना वाटलं. पण ईश्वरीबाईंनी लाटणं खाली ठेवलं नाही. "यही हैं, दादा," त्या म्हणाल्या. "अंदर भी यही, बाहर भी यही. दस का काम पाँच करती हैं."

 भाऊ खाटेच्या कडेला बसला. फोटोतल्या आतल्या बहिणीकडे बघायचा, मग बाहेरच्या बहिणीकडे. शेवटी त्याने मान वर केली तेव्हा डोळे भरलेले होते. त्याने विचारलं ते एवढंच, "और तू खाती कब है?"

पुढचं बाईंनी वहिनींना सांगितलं. चार दिवस तो राहिला. तिसऱ्या दिवशी पापडांच्या कडा वळायला लागल्या, बायका आत गुंतलेल्या, तर त्याने टोपी काढून खाटेच्या पायाला अडकवली आणि एकट्याने सहाही खाटांवरचे पापड उलटले. चौथ्या दिवशी तो एकटाच अजमेरला गेला. बरोबर चल, असं त्याने बहिणीला एकदाही म्हटलं नाही. टांग्यात बसल्यावर बाईंनी फोटो परत मागितला, तर त्याने तो सदऱ्याच्या आतल्या खिशात घातला आणि वरून हात दाबून धरला.